हुद्दा वाढला म्हणतात, पत्र कुठंय?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साहेब केबिनमध्ये बोलावतात, हात मिळवतात आणि म्हणतात, "आजपासून तू असिस्टंट मॅनेजर." संध्याकाळी दादरला उतरून तुम्ही अर्धा किलो पेढे घेता, घरी देवापुढे ठेवता. मे जातो. जून येतो, लोअर परळला एकदा पाणी साचून ओसरतंही. पगाराच्या स्लिपवर मात्र अजून 'सीनियर एक्झिक्युटिव्ह'च.

मी बारा वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले, म्हणजे एचआर ऑपरेशन्समध्ये. ही पत्रं काढणं हेच माझं काम होतं. त्याआधी स्वतःच्या पत्रासाठी घिरट्याही घालून झाल्या होत्या. दोन्ही बाजू बघितल्यावर एवढं नक्की सांगते की अडलेलं पत्र कुणी नकार दिला म्हणून अडलेलं क्वचितच असतं. ते कुठल्यातरी एका टेबलावर पडलेलं असतं, आणि बरेचदा त्या टेबलावरच्या माणसालाही त्याचा पत्ता नसतो. म्हणून "माझ्या प्रमोशनचं काय झालं?" या प्रश्नाला "चालू आहे" याखेरीज उत्तर मिळत नाही. विचारायचं ते "आत्ता कोणाकडे आहे?"

पेढ्यांआधी मेल

तोंडी होकार मिळाला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेबांना एक मेल टाका. मेल इंग्रजीतच जाईल, पण आशय असा ठेवा: "सर, काल आपलं बोलणं झालं, आभारी आहे. मला जे समजलं ते असं. माझं पदनाम १ एप्रिलपासून असिस्टंट मॅनेजर, क्लेम्स. ग्रेड एकाने वर. पगारातला बदल त्याच तारखेपासून. यात काही चुकत असेल तर कृपया सांगा. पत्र साधारण कधीपर्यंत मिळेल?"

बस, एवढंच. आभाराची शेपूट लांबवू नका. यावर "नोटेड" असं एका शब्दाचं उत्तर आलं तरी काम झालं. उत्तर आलंच नाही तरी मेल तारखेसकट राहतो. व्हॉट्सॲपवर आलेला 'काँग्रॅट्स' आणि त्यापुढचा पुष्पगुच्छही जपून ठेवा, पण त्यात पद नसतं, ग्रेड नसते, तारीख नसते. नुसती फुलं असतात.

हा मेल इतका महत्त्वाचा का, ते मी पैसे मोजून शिकले. माझ्या आधीच्या नोकरीत साहेबांनी फेब्रुवारीत शब्द दिला. माणूस सरळ होता, देणारच होता. मे महिन्यात तो दुसरीकडे गेला. त्याच्या जागी आलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे कुठे लिहिलंय?" कुठंच लिहिलं नव्हतं. पुढच्या अप्रेझलपर्यंत मी जुन्याच हुद्द्यावर नवं काम करत राहिले. मॅडमचीही चूक म्हणवत नाही. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

नेमकं काय मंजूर झालंय?

'प्रमोशन' या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी असतात: पदनाम, ग्रेड, पगार आणि कधीपासून लागू ती तारीख. चारही एकत्र मिळाल्या असं आपण गृहीत धरतो. कंपनीच्या सिस्टिममध्ये मात्र हे चार वेगळे रकाने असतात, आणि त्यांची मंजुरी कधीकधी चार वेगळ्या माणसांकडे असते.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत पदनामही दोन असतात. एक सिस्टिममधलं, ग्रेडला बांधलेलं. दुसरं बाहेर सांगायचं, कार्डावर छापायचं. बाहेरचं पद बदलायला बजेट लागत नाही, म्हणून ते पटकन मिळतं. साहेब खूश होऊन "कार्ड छापून घे" म्हणतात, तुम्ही छापता, आणि आतला रकाना जसाच्या तसा राहतो. म्हणून एचआरला सरळ विचारा: बदल कुठल्या पदाचा आहे, आतल्या की बाहेरच्या?

कधी कधी सुचवलं जातं, "पगाराचं बघू नंतर, आत्ता पद तरी घे." यावर माझं मत जरा कडक आहे. वर्षभरात नोकरी बदलायचा विचार असेल तर घ्या, नवं पद बायोडेटावर उपयोगी पडतं. इथंच राहायचं असेल तर पगाराचा आढावा कधी होणार त्याचा महिना पत्रात लिहून घेतल्याशिवाय घेऊ नका. पद एकदा दिलं की कंपनीच्या दृष्टीने तुमचा विषय मिटलेला असतो.

फाइल कुठल्या टेबलावर आहे?

साधारण प्रवास असा असतो. साहेब शिफारस करतात, त्यांचे साहेब हो म्हणतात. मग ती तुमच्या विभागाच्या एचआरकडे येते, तिथून पगार-ग्रेड बघणाऱ्या टीमकडे, तिथून फायनान्सकडे. मंजुरी मिळून ती एचआरकडे परत येते, सिस्टिममध्ये नोंद होते, नोंदीवरून पत्र निघतं, पत्रावर सही होते आणि शेवटी पेरोल, म्हणजे पगार काढणारी टीम. यातल्या प्रत्येक टप्प्याची आपली एक भाषा आहे. ती ओळखता आली की अर्धा शोध तिथंच संपतो.

"प्रोसेसमध्ये आहे" याचा अर्थ सांगणाऱ्यालाच माहीत नाही. "बजेटमध्ये बसवतोय" म्हणजे फायनान्स, आणि इथं खरोखर वेळ लागू शकतो. "ग्लोबलकडे गेलंय" हे पवई-मालाडच्या परदेशी कंपन्यांत हमखास ऐकू येतं. त्यात बहुतेक वेळा अडचण मंजुरीची नसते. तुम्हाला देऊ केलेलं पद त्यांच्या जगभरच्या पदांच्या यादीतच नसतं. अशा वेळी "नाव थोडं बदललं तर यादीत बसेल का?" असं आपणच विचारावं. 'डेप्युटी मॅनेजर'साठी तीन महिने अडलेली फाइल 'मॅनेजर, लेव्हल एक' केल्यावर दोन दिवसांत सुटलेली मी पाहिली आहे. "सही बाकी आहे" हे सगळ्यात बरं उत्तर. सही करणारा कोण आणि तो मुंबईत कधी आहे, एवढंच शोधायचं.

आणि मग अशाही अडचणी असतात ज्या कुणाच्या डोक्यातही येत नाहीत. एकदा जुलैमध्ये एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. हातात फोन, फोनवर साहेबांच्या अभिनंदनाचा स्क्रीनशॉट, गळ्यातल्या आयकार्डावर जुनंच पद. "मॅडम, चार महिने झाले. सर म्हणतात एचआरकडे आहे, एचआर म्हणतं सरांकडे आहे. मी नक्की कुणाच्या पाया पडू?" तिला बसवलं आणि सिस्टिम उघडली. साहेबांची शिफारस होती, फायनान्सची मंजुरी होती, सगळं हिरवं. नोंद मात्र सेव्ह होत नव्हती, कारण त्या टीममध्ये त्या हुद्द्याची जागा एकच होती आणि ती भरलेली दिसत होती. भरली होती कुणी? मार्चमध्ये नोकरी सोडून गेलेल्या माणसाने. त्याचं एक्झिट सिस्टिममध्ये बंदच झालं नव्हतं. का, तर त्याने लॅपटॉप परत केल्याची नोंद आयटीने केली नव्हती. लॅपटॉप आयटीच्या कपाटात होता, खोक्यासकट. आमच्या ऑफिसातल्या शिपाईमामांनी तो काढून आणला, आयटीतल्या मुलाने बारकोड स्कॅन केला, आणि दुसऱ्या दिवशी तिचं पत्र निघालं.

या चार महिन्यांत त्या मुलीने साहेबांबद्दल काय काय विचार केला असेल! साहेबांनी तर आपल्या परीने सगळं केलं होतं.

म्हणून शिफारस गेली हे कळल्यावर साहेबांकडून किंवा एचआरकडून रिक्वेस्ट नंबर मागून घ्या. सिस्टिममध्ये टाकलेल्या प्रत्येक बदलाला असा नंबर असतो, आणि तो हातात असला की "कोणाकडे पेंडिंग दाखवतंय?" हे एका मिनिटात सांगता येतं. नंबरच नाही असं उत्तर आलं, तर तेही एक उत्तर आहे: शिफारस अजून साहेबांच्या टेबलावरून हललेलीच नाही. आणखी एक, विचारायचं ते मोठ्या एचआर साहेबांना नाही, प्रत्यक्ष नोंद करणाऱ्या माणसाला. तो बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या टेबलावर असतो आणि त्याच्याशी नीट बोलणारे लोक कमी असतात. महिन्याच्या २० ते २५ तारखेच्या सुमारास त्याच्याकडे जाऊ नका. पेरोल बंद व्हायचे दिवस असतात, तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नाही.

आठवण कशी करायची

पहिल्या मेलच्याच साखळीत उत्तर देऊन. दर वेळी नवा मेल टाकला की आधीचा मजकूर मागे पडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगत बसता. पंधरा दिवसांनी पहिली आठवण, त्यानंतर पुन्हा पंधरा दिवसांनी. सोमवारी सकाळी नको, शुक्रवारी दुपारनंतर तर अजिबात नको. गणपतीच्या आदल्या आठवड्यात आणि दिवाळीत कोणी सही करत नाही, ते दिवस हिशेबातच धरू नका.

मेलमध्ये एकच मागणी आणि खरं कारण. "बँकेला गृहकर्जासाठी सॅलरी सर्टिफिकेट द्यायचं आहे, त्यावर सध्याचं पद लागेल" किंवा "व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागणार आहे, अपॉइंटमेंट अमुक तारखेची आहे." अशा कारणाने समोरच्याला आपल्या वरच्याला काहीतरी सांगता येतं. नुसतं "बराच उशीर झालाय" वाचून तो फक्त ओशाळतो. खोटं कारण मात्र देऊ नका. तीच एचआर उद्या तुमच्या कर्जाच्या कागदावर सही करायला बसलेली असते.

सीसीमध्ये साहेबांच्या साहेबांना टाकणं म्हणजे लोकलची साखळी ओढणं. गाडी थांबते खरी, पण सगळा डबा वळून बघतो. साखळी ओढण्याआधी साहेबांना सांगा: "सर, दोन महिने झाले. तुमची हरकत नसेल तर मी मोठ्या सरांना विचारू का?" दहातले सात साहेब त्याच दिवशी फोन फिरवतात. माझा अंदाज आहे हा, पण बारा वर्षांचा.

पत्र येईपर्यंत काय लिहायचं?

इथं लोक चुकतात. कार्ड छापलं, ईमेलच्या सहीत नवं पद घातलं, लिंक्डइनवर जाहीर केलं, दोनशे लोकांनी अभिनंदन केलं. यातलं ईमेल-सहीचं पद साहेबांनी लेखी हो म्हटलं असेल तर चालून जातं. लिंक्डइनवर मात्र पत्र आल्यावरच. नवी नोकरी लागताना मागच्या कंपनीकडे पडताळणी जाते, तेव्हा पडताळणीवाला एचआरला तुमचं पद विचारतो आणि एचआर सिस्टिममध्ये बघून सांगते. तुमच्या बायोडेटावर 'असिस्टंट मॅनेजर', उत्तरात 'सीनियर एक्झिक्युटिव्ह', की अहवालावर तफावतीचा शेरा. तुम्ही खरं बोलत होतात हे मग कागदांनिशी सिद्ध करत बसावं लागतं, तेही ऑफर हातात असताना.

मुलाखतीत विचारलं तर जसं आहे तसंच सांगा: पदोन्नती एप्रिलमध्ये कळवली, पत्र प्रलंबित आहे. मुंबईत मुलाखत घेणाऱ्या निम्म्या लोकांनी स्वतः हे भोगलेलं असतं.

बँक आणि व्हिसाच्या फॉर्मवर पगाराच्या स्लिपवर छापलंय तेच पद लिहा. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याची काळजी नको. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाच्या, नोंदीत नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख असते, हुद्द्याशी त्याला देणंघेणं नाही.

कायदा किती मदत करतो?

थोडीच. खासगी नोकरीत बढती देणं हा व्यवस्थापनाचा निर्णय मानला जातो, आणि तोंडी कळवलेल्या बढतीचं पत्र इतक्या दिवसांत द्या असं सांगणारा कायदा नाही. मेलवर लेखी होकार असेल, नवं काम तुम्ही करत असाल आणि पगारही मान्य झालेला असेल, तर मात्र गोष्ट निव्वळ मर्जीची राहत नाही. अशा वेळी वकिलाला दाखवण्याजोगं काहीतरी तुमच्याकडे असतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्याकडे वर्षभराच्या आत तक्रार करता येते आणि समितीने ३० दिवसांत ती निकाली काढायची असते. पण हे कायद्याच्या व्याख्येतल्या 'कामगारा'साठी. व्यवस्थापकीय काम करणारे त्यातून वगळले आहेत, आणि देखरेखीचं काम करणाऱ्यांचा पगार महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर तेही. तुम्ही कामगार आहात की नाही, हे कार्डावरचं पद बघून ठरत नाही; दिवसभर प्रत्यक्ष काय काम करता, त्यावर ठरतं. न्यायालयांनी हे वर्षानुवर्षं सांगितलं आहे.

मुंबईत वांद्र्याच्या बीकेसीतल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथं जाण्याआधी कंपनीच्या आत सगळे टप्पे मेलवर करून झालेले असावेत. आणि खरं सांगायचं तर, केवळ पदनामाच्या पत्रासाठी मी तिथं कुणाला जायला सांगणार नाही. ठरलेला पगार बुडवला जात असेल तर गोष्ट वेगळी.

सरकारी नोकरीत असाल तर भाषाच निराळी. तिथं पदोन्नती समितीच्या बैठकीवर, बिंदुनामावलीवर (आरक्षणानुसार जागांचा क्रम लावणाऱ्या यादीवर), रिक्त जागेवर अडते. पण हत्यारंही आहेत. महाराष्ट्राच्या २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर 'माझी फाइल कोणत्या तारखेला कोणाकडे होती' हे विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उशिराने आदेश निघाला, तर पदोन्नतीचा मानीव दिनांक, म्हणजे ती ज्या आधीच्या तारखेपासून मिळाली असं धरायचं ती तारीख, मागायला विसरू नका. ज्येष्ठता त्यावर ठरते. आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळालेल्यांची कथा अगदी उलटी, पगार वरच्या पदाचा आणि हुद्दा तोच. आमच्या खासगीत हुद्दा देऊन पगार विसरतात.

पत्र हातात आल्यावर

सही करण्याआधी चहा घ्या आणि दोनदा वाचा. सगळ्यात आधी लागू होण्याची तारीख. पत्र ऑगस्टमध्ये निघालं तर चालेल, पण त्यात "१ एप्रिलपासून लागू" हे शब्द हवेत. ते नसतील तर तुमचे चार महिने नव्या पदाच्या अनुभवात धरले जाणार नाहीत आणि एरियर्सही, म्हणजे त्या महिन्यांच्या पगारातला फरकही, निघणार नाहीत. बदल मागायचा तो सही करण्याआधीच, कारण नंतर तुम्हीच मान्य केलंय म्हणतात. एरियर्स मागच्या आर्थिक वर्षाचे असतील तर प्राप्तिकरात त्यासाठी सवलत मागता येते, रिटर्न भरण्याआधी सीएला विचारा.

मग नोटीस पिरियड. वरच्या ग्रेडला तो बरेचदा ३० वरून ६० किंवा ९० दिवस होतो आणि पत्रात एका ओळीत येऊन जातो. नव्या पदावर पुन्हा प्रोबेशन आहे का, तेही बघा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आहे, पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदांना त्यातून सूट आहे. अशा पदांची यादी कंपनीने संकेतस्थळावर, नाहीतर दर्शनी जागी लावायची असते. तुम्हाला आत्ता ओव्हरटाइम मिळत असेल आणि नवं पद त्या यादीत असेल, तर वाढीव पगार आणि बुडणारा ओव्हरटाइम यांचा हिशेब कागदावर मांडून बघा. एका सहकाऱ्याने मांडला होता. 'मॅनेजर' झाल्यावर त्याच्या हातात महिन्याला नऊशे रुपये कमी येणार होते. त्याने ग्रेड घेतली, पद नाकारलं.

सही केलेल्या पत्राची प्रत कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवून निवांत होऊ नका, छापून घरी फाइलला लावा. पुढच्या महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर पद बदललंय का ते बघा. पत्र निघालं आणि पेरोलला कळलंच नाही, असं दर वर्षी दोन-तीन जणांचं होतं. आणि कधी काळी राजीनामा दिलात, तर शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सिस्टिममध्ये आपलं प्रोफाइल उघडून पदाचा रकाना वाचा. रिलिव्हिंग लेटर तिथूनच आपोआप छापलं जातं, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता ते दुरुस्त करायला कोपऱ्यातल्या टेबलावर कुणी नसतं.